परदेशी दलांच्या बॉम्ब निकामी पथकांना निधी देताना पैसा नेमका कुठे घालावा?

प्रश्न असा आहे: एका सरकारला दुसऱ्या देशाच्या पोलीस आणि लष्करातल्या बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकांसाठी तीन वर्षांचा निधी द्यायचा आहे. प्रशिक्षण आणि साहित्य दोन्ही त्यात धरलं आहे. आराखडा कसा करावा, काय घ्यावं आणि असे कार्यक्रम फसतात ते कुठे?

सुरुवात साहित्याच्या यादीपासून करू नका. बहुतेक आराखडे रोबो आणि बॉम्ब सूट यांच्या कोटेशनवरून बांधले जातात, कारण तेवढाच आकडा लगेच हाती येतो. मग दुसऱ्या वर्षी रोबोची बॅटरी मेलेली असते, डिटोनेटरचा (स्फोट सुरू करणाऱ्या छोट्या स्फोटकाचा) साठा संपलेला असतो आणि ऑपरेटर, म्हणजे बॉम्ब निकामी करणारा माणूस, पुन्हा स्वतःच्या हातांनी वस्तू तपासायला जवळ जातो. म्हणजे ज्या धोक्यातून त्याला बाहेर काढायला पैसा खर्च केला, त्याच धोक्यात तो परत गेलेला असतो. खर्चाचं एकक 'एक रोबो' किंवा 'एक प्रशिक्षित माणूस' असं धरू नका. 'पाच वर्षं कॉलवर जाऊ शकणारं एक पथक' असं धरा. त्या पथकाला काय काय लागेल ते मोजा आणि मगच किती पथकं परवडतील ते ठरवा. बारा अर्धवट पथकांपेक्षा चार पुरी पथकं जास्त जीव वाचवतात.

पहिलं काम म्हणजे पैसा कोणत्या खात्यातून येतोय ते पाहणं. कोणाला आणि कशासाठी देता येईल हे त्यावरच ठरतं. ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेच्या नियमांत मानवतावादी सुरुंग सफाई आणि युद्धात उरलेल्या स्फोटकांची विल्हेवाट विकास मदतीत धरली जाते, तिला १५२५० हा स्वतंत्र संकेतांकही आहे. परक्या सैन्याला लढण्यासाठी दिलेलं साहित्य मात्र त्यात बसत नाही. युरोपीय संघाच्या करारातल्या कलम ४१(२) मुळे लष्करी कारवायांचा खर्च संघाच्या अर्थसंकल्पातून करता येत नाही, म्हणून २०२१ मध्ये युरोपियन पीस फॅसिलिटी हा अर्थसंकल्पाबाहेरचा निधी उभा केला गेला. अमेरिकेत १९६१ च्या परदेशी मदत कायद्याचं कलम ६६० पोलिसांच्या प्रशिक्षणावर बंदी घालतं आणि काही ठरावीक अपवाद देतं. दहशतवादविरोधी मदतीचा १९८३ पासूनचा एटीए कार्यक्रम नागरी पोलीस यंत्रणांसाठी आहे आणि त्याचा पैसा परराष्ट्र खात्याच्या 'नाडर' (अण्वस्त्रप्रसार रोखणं, दहशतवादविरोध, सुरुंग सफाई) या अर्थसंकल्पी शीर्षातून येतो. संरक्षण खात्याकडे परदेशी दलांची क्षमता वाढवण्यासाठी अमेरिकी कायदेसंहितेतल्या दहाव्या टायटलचं, म्हणजे लष्करविषयक भागाचं, कलम ३३३ आहे. त्याखाली खर्च करायच्या १५ दिवस आधी काँग्रेसला कळवावं लागतं आणि मानवी हक्क व युद्धविषयक कायद्याचं प्रशिक्षण जोडावंच लागतं. मानवतावादी सफाईसाठी कलम ४०७ आहे. त्याखाली अमेरिकी सैनिक शिकवू शकतो, पण अमेरिकेच्याच लष्करी मोहिमेची गरज नसेल तर स्वतः सुरुंग शोधायला, उचलायला किंवा उडवायला जाऊ शकत नाही. प्रशिक्षकाने 'चल, मी करून दाखवतो' म्हणत खऱ्या सुरुंगाजवळ जायचं नाही, हे अभ्यासक्रम आखतानाच ठरलेलं हवं.

हे सगळं किचकट वाटेल, पण चुकीच्या शीर्षातून घेतलेली वस्तू नंतर दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. सुरुंग सफाईच्या पैशातून घेतलेले डिटेक्टर पोलिसांनी रस्त्यावरच्या बॉम्बसाठी वापरले, तर लेखापरीक्षणात तो गैरवापर ठरू शकतो. लष्कराचं पथक आणि पोलिसांचं पथक दोन्ही हवी असतील, तर दोन वेगळी शीर्षं, दोन वेगळ्या साठा नोंदवह्या आणि दोन वेगळे करार ठेवा.

यानंतर माणसांची छाननी. अमेरिकी निधी असेल तर लेही कायदा लागू होतो. सिनेटर पॅट्रिक लेही यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम परराष्ट्र खातं आणि संरक्षण खातं, दोघांनाही बांधतो. मानवी हक्कांचं गंभीर उल्लंघन केल्याची विश्वासार्ह माहिती ज्या तुकडीबद्दल असेल, तिला मदत नाही. छाननीसाठी नाव, जन्मतारीख, हुद्दा, तुकडी अशी माहिती लागते आणि मिळालेली मंजुरी एक वर्ष चालते. ब्रिटनमध्ये हेच काम ओएसजेए या मार्गदर्शक नियमावलीखाली होतं. इथे प्रत्यक्षात जी चूक होते ती अशी: यजमान देश अभ्यासक्रमाला दोन आठवडे उरलेले असताना नावांची यादी पाठवतो, त्यात जन्मतारखा चुकलेल्या असतात, एकाच नावाची दोन स्पेलिंग असतात. निम्मी नावं अडकतात आणि वर्ग अर्धा रिकामा भरतो. यादी किमान तीन महिने आधी मागा, पासपोर्टवरच्या स्पेलिंगनेच मागा, आणि २० जागा असतील तर ३० नावं छाननीला टाका. संपूर्ण तुकडीच अडकेल अशी शंका असेल, तर ते तपासून घेतल्याशिवाय साहित्याची ऑर्डर देऊ नका.

आता प्रशिक्षण. 'बॉम्ब निकामी करणं' हे एकच कौशल्य आहे असं समजून आराखडे लिहिले जातात. आंतरराष्ट्रीय सुरुंग कृती मानकं, म्हणजे आयमास, यांत पारंपरिक दारूगोळ्यासाठी १, २, ३ आणि ३ प्लस असे स्तर आहेत. पहिल्या स्तराचा माणूस शिकवलेल्या प्रकारची एकेक वस्तू शोधून जागच्या जागी उडवू शकतो. दुसऱ्याला वस्तू हलवण्याची, वाहून नेण्याची आणि अनेक वस्तू एकाच वेळी नष्ट करण्याची परवानगी असते. तिसरा स्तर वस्तू सुरक्षित करण्याच्या कामाचा, आणि ३ प्लस म्हणजे रासायनिक दारूगोळ्यासारख्या खास कामांचा. हाताने बनवलेला बॉम्ब, म्हणजे आयईडी, हा वेगळाच विषय. त्यासाठी आयमास ०९.३१ आहे आणि संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये वेगळी मानकंही काढली. तोफगोळ्याचं वर्गीकरण पुस्तकात सापडतं, आयईडी बनवणारा मात्र निकामी करणाऱ्याचा विचार करूनच ती रचत असतो. म्हणून दारूगोळ्याचा दुसरा स्तर पार केलेल्या माणसाला 'आता आयईडीही बघ' म्हणणं जीवघेणं आहे. शोध हे तिसरं कौशल्य. रस्ता, इमारत, वाहन कसं तपासायचं ते निकामी करणाऱ्यापेक्षा शोध पथकाला शिकवावं लागतं. जिथे शोध पथक नाही तिथे ऑपरेटरला बॉम्ब सापडण्याआधी बॉम्बच ऑपरेटरला सापडतो.

वेळेचा हिशेब दुभाषा धरून करा. वाक्य थांबवून भाषांतर होत असेल तर शिकवायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांतच बसवला, तर प्रात्यक्षिकं कापली जातात, व्याख्यानं कधीच कापली जात नाहीत. दुभाष्याला आधी दोन आठवडे घेऊन शब्दसूची बनवा: फ्यूज, डिटोनेटर, बूस्टर, मुख्य भार, स्विच, उर्जास्रोत. 'सुरक्षित' आणि 'निकामी' या दोन कल्पनांना स्थानिक भाषेत एकच शब्द असेल, तर त्यावर वर्गात एक अख्खा तास घालवला तरी तो वाया जात नाही.

प्रत्येक प्रशिक्षणार्थीने स्वतःच्या हाताने किमान १० ते १५ स्फोट करावेत असं धरून स्फोटकं मोजा. नुसत्या लाकडी आणि प्लास्टिकच्या नकली वस्तूंवर शिकलेला माणूस पहिल्यांदा खरा डिटोनेटर हातात घेतो तो रस्त्यावर, आणि तेव्हा चुकतो. सरावाच्या नकली आयईडी त्या देशात गेल्या दोन वर्षांत सापडलेल्यांसारख्या हव्यात. दुसऱ्याच युद्धातले नमुने शिकवायला आणले, तर माणसं त्या युद्धासाठी तयार होतात.

परवाना कायमचा देऊ नका. अमेरिकेत हंट्सव्हिल इथे एफबीआयची हॅझर्डस डिव्हायसेस स्कूल आहे. ती १९७१ पासून चालते आणि तिथे नागरी पथकांच्या बॉम्ब तंत्रज्ञांना दर तीन वर्षांनी पुन्हा प्रमाणपत्र घ्यावं लागतं. निधी देणाऱ्याने हीच अट यजमान देशात रुजवायला पाहिजे, आणि नापास होण्याची शक्यता खरी असली पाहिजे. शंभर टक्के निकाल लागत असेल, तर परीक्षेची पातळी तपासा. 'प्रशिक्षकांचं प्रशिक्षण' हा शब्द प्रत्येक प्रस्तावात असतो. ज्याने दोन वर्षं प्रत्यक्ष कॉल केलेले नाहीत त्याला प्रशिक्षक करू नका. नाहीतर पुस्तकातलं ज्ञान पुस्तकातूनच पुढे जातं.

माणूस टिकवण्याचा खर्च निधीत बहुधा नसतो आणि पथकं तिथेच मोडतात. शिकलेला हवालदार बढती घेऊन वाहतूक शाखेत जातो, चांगला सार्जंट पगारासाठी खासगी कंपनीत जातो. पगार परक्या सरकारने देणं सहसा शक्य नसतं, पण करारात अटी घालता येतात: तीन वर्षं बदली नाही, धोका भत्ता यजमान देश देणार, मृत्यू आणि अपंगत्वाचा विमा पहिल्या दिवसापासून लागू. पथकासोबत टूर्निकेट (रक्तस्राव थांबवणारा पट्टा) वापरता येणारा माणूस, स्ट्रेचर आणि रुग्णालयाचा ठरलेला रस्ता असल्याशिवाय कॉल घ्यायचा नाही, हेही लिहून घ्या.

साहित्य घेताना स्वस्ताकडून महागाकडे जा. पथकाच्या कामात सर्वात जास्त वापरला जातो तो हुक आणि दोरीचा संच: हुक, कप्प्या, चिकट पट्ट्या, ताणली न जाणारी दोरी. वस्तू लांबून ओढून हलवायची, ती फुटायची असेल तर माणूस आडोशाला असतानाच फुटावी, एवढाच हेतू. असे दोन संच प्रत्येक पथकाला द्या, एक सरावासाठी आणि एक कामासाठी. सरावात हुक वाकतात, दोरी झिजते, आणि संच एकच असेल तर जपून ठेवायचा म्हणून सराव बंद पडतो.

बॉम्ब सूटबद्दल गैरसमज खूप आहेत. वजन साधारण ३५ ते ४० किलो. हात बहुधा उघडेच असतात, कारण बोटांनी काम करायचं असतं. सूट माणसाला बॉम्बपाशी जाताना आणि परत येताना वाचवण्यासाठी असतो. हातातच मोठा भार फुटला तर सूट वाचवत नाही. स्फोटाचा दाब अंतराबरोबर झपाट्याने उतरतो, त्यामुळे चार पावलं मागे येण्याला सूटच्या एका जास्तीच्या थरापेक्षा जास्त किंमत आहे. अमेरिकेच्या न्याय खात्यातल्या एनआयजे संस्थेच्या ०११७.०१ मानकाप्रमाणे चाचणी झालेला सूट मागा. ऑर्डर देण्याआधी छाती, उंची आणि डोक्याचं माप माणसागणिक घ्या. एकाच मोठ्या मापाचे सूट आले, तर बुटक्या माणसाचा व्हायजर (हेल्मेटची पुढची काच) हनुवटीवर उतरतो आणि खाली बघताना त्याला स्वतःचे हात दिसत नाहीत. हेल्मेटच्या पंख्याची बॅटरी संपली की काच धुरकट होते आणि मग माणूस व्हायजर वर करतो. म्हणून जादा बॅटऱ्या आणि जादा व्हायजर पहिल्या ऑर्डरमध्येच असू द्या. सूट घडी घालून पेटीत कोंबायचा नाही. तो हवेशीर आणि ऊन लागणार नाही अशा जागी टांगून ठेवायचा, कारण आतलं अॅरामिड कापड ऊन आणि ओल यांनी कमजोर होतं. सुरुंग सफाई करणाऱ्याचा पुढचा एप्रन ही वेगळी वस्तू आहे. आयमास १०.३० त्यासाठी १.१०२ ग्रॅमच्या तुकड्याला ४५० मीटर प्रतिसेकंद व्ही-५० मागतं, म्हणजे त्या वेगाला अर्धे तुकडे अडतात असं कापड, आणि डोळ्यांसाठी ५ मिलीमीटर पॉलिकार्बोनेटच्या तोडीचं संरक्षण. एकाच्या जागी दुसरं देऊ नका.

रोबो घेताना रेडिओचा प्रश्न आधी सोडवा. यजमान देशाच्या दूरसंचार खात्याकडून त्या फ्रिक्वेन्सीचा परवाना लागतो आणि त्याला महिने जातात. शिवाय पथकाचाच जॅमर (रिमोटने बॉम्ब उडवता येऊ नये म्हणून रेडिओ लहरी अडवणारं यंत्र) चालू झाला की रोबोचा संपर्क तुटू शकतो. नेमक्या गरजेच्या वेळी रोबो बॉम्बपासून तीन मीटरवर थांबतो आणि त्याला आणायला माणूस जातो. म्हणून फायबर केबलने चालण्याची सोय असलेला रोबो घ्या किंवा जॅमर आणि रोबो यांची एकत्र चाचणी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. जॅमर स्वतःच निर्यात नियंत्रणात अडकतो, त्यामुळे तो 'मिळेलच' असं धरून बाकीची योजना बांधू नका. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या २०१६ पासून प्रवासी विमानाच्या मालात जात नाहीत, मालवाहू विमानातही ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज करून पाठवता येत नाहीत. रोबो आधी येतो आणि बॅटरी समुद्रमार्गे दोन महिन्यांनी येते, तोवर अभ्यासक्रम संपलेला असतो.

सहज नेता येणारं एक्स-रे यंत्र ऑपरेटरला आत काय आहे ते वस्तूला हात न लावता दाखवतं आणि माझ्या मते रोबोच्याही आधी घ्यायला हवं. त्याच्या ट्यूबला ठरावीक पल्सचं आयुष्य असतं. सरावात ते संपतं, म्हणून दुसऱ्या ट्यूबचा खर्च धरा. प्रतिमेच्या प्लेटवर वाळूचा ओरखडा पडला की तो तारेसारखा दिसतो. यजमान देशाच्या किरणोत्सर्ग नियामकाकडे नोंदणी आधीच करा, नाहीतर यंत्र कस्टममध्ये पडून राहतं. मेटल डिटेक्टर विकत घेण्याआधी त्याच देशाच्या मातीत चालवून बघा. लोहयुक्त तांबड्या मातीत तो सतत ओरडत राहिला, तर माणसं संवेदनशीलता कमी करतात, आणि कमी धातूचे बॉम्ब तेव्हाच सुटतात.

खरेदीत सर्वात लाजिरवाणं आणि सर्वात महाग पडलेलं उदाहरण एडीई ६५१ चं आहे. एका ब्रिटिश कंपनीने इराकला हे 'स्फोटक शोधक' विकले. प्लास्टिकची मूठ आणि तिच्यावर बिजागरीने सैल फिरणारी एक अँटेना. आत काम करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाच नव्हती. माणसाचं मनगट नकळत हललं की अँटेना वळायची. मूळ कल्पना गोल्फचे चेंडू शोधण्याच्या एका खेळण्यावरून घेतलेली. इराकने त्यावर कोट्यवधी डॉलर घालवले, बगदादच्या नाक्यांवर गाड्या त्याच्या भरवशावर सोडल्या गेल्या आणि लोक मेले. विकणारा जेम्स मॅककॉर्मिक २०१३ मध्ये दोषी ठरला, १० वर्षांची शिक्षा झाली. तरी जुलै २०१६ मध्ये कर्रादा भागात भीषण स्फोट होईपर्यंत ही यंत्रं नाक्यांवर होती. त्याच जातीच्या जीटी २०० ची थायलंडमध्ये २०१० साली अंध चाचणी झाली, तेव्हा २० पैकी ४ वेळाच उत्तर बरोबर आलं, म्हणजे अंदाजाने बोट ठेवल्यासारखंच. यावरून नियम असा घ्या: कोणतंही शोधक यंत्र घेण्याआधी दुहेरी अंध चाचणी. नमुना कोणत्या डब्यात आहे ते यंत्र चालवणाऱ्यालाही माहीत नको आणि त्याच्याजवळ उभं राहणाऱ्यालाही नको. विक्रेता नकार देत असेल, तर बोलणी तिथेच संपवा.

स्फोटकं शक्यतो त्याच देशातून घ्या. बाहेरून आणायची तर परवाने, खास जहाज आणि वर्गवारी लागते. डिटोनेटर आणि मुख्य स्फोटक एका पेटीत कधीच नाही, पथकाच्या गाडीतही दोन वेगळे कुलूपबंद कप्पे हवेत. साठवणुकीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या आयएटीजी मार्गदर्शक सूचना आहेत, त्यातली अंतरं पाळणारं गोदाम नसेल तर आधी गोदाम बांधा.

श्वान पथकाला वस्तू समजून निधी दिला की काय होतं ते जॉर्डनमध्ये दिसलं. अमेरिकेच्या एटीए कार्यक्रमाने तिथे स्फोटक शोधणारे कुत्रे दिले. २००८ ते २०१६ या काळात किमान १० कुत्रे वेगवेगळ्या आजारांनी मेले. झोई नावाचं कुत्रं २०१७ मध्ये उष्माघाताने मेलं. अथीना ही कुत्री हाडं दिसेपर्यंत वाळलेली सापडली आणि परत न्यावी लागली. परराष्ट्र खात्याच्या महानिरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालात मूळ दोष स्पष्ट आहे: कुत्र्यांची देखभाल कशी व्हायची याचे लेखी करार बहुतेक देशांशी नव्हतेच. कुत्र्याला खाद्य, पशुवैद्य, सावली आणि पाणी, हँडलरचा पगार आणि निवृत्तीनंतरची सोय लागते. हा खर्च दहा वर्षांचा आहे. तो धरता येत नसेल तर कुत्रे देऊ नका.

तीन वर्षांच्या निधीची वाटणी मी साधारण अशी करतो: शंभरातले ३५ प्रशिक्षण आणि पथकासोबत राहणारे मार्गदर्शक, ३० साहित्य आणि वाहन, १५ सुटे भाग आणि दुरुस्ती, १० स्फोटकं आणि खर्ची पडणाऱ्या वस्तू, ५ वैद्यकीय, ५ देखरेख. देश बघून आकडे हलतील, पण सुटे भाग आणि खर्ची वस्तू मिळून वीसच्या खाली गेल्या, तर आराखडा पुन्हा लिहा.

देखरेख म्हणजे गोदामात जाऊन अनुक्रमांक मोजणं एवढंच नाही. अफगाणिस्तानात रस्त्याखालच्या मोऱ्यांमध्ये बॉम्ब ठेवता येऊ नयेत म्हणून जाळ्या बसवण्याची कंत्राटं दिली गेली. २०१३ मध्ये तिथल्या पुनर्बांधणीवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकी महानिरीक्षकांनी नोंदवलं की त्या चालतात की नाही, किंवा बसवल्या तरी का, हेच स्पष्ट नाही. पैसे जाग्यावर जाऊन पाहिल्याशिवाय सुटले की असंच होतं. पथकाचं मोजमाप करताना 'किती जण शिकले' हा आकडा बाजूला ठेवा. हे विचारा: गेल्या तिमाहीत किती कॉल आले आणि किती घेतले, कॉल ते आगमन किती वेळ, किती वेळा काम लांबून झालं आणि किती वेळा माणूस हाताने भिडला, साहित्यातलं किती टक्के आज चालू आहे. हाताने भिडण्याचं प्रमाण वाढत असेल, तर काहीतरी बंद पडलंय, आणि बहुधा ती बॅटरी किंवा डिसरप्टरची (लांबून मारा करून बॉम्बची जुळणी तोडणाऱ्या उपकरणाची) काडतुसं असतात.

एकाच देणगीदारावर सगळं टांगू नका. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली आणि अनेक देशांतली सफाई पथकं एका आदेशाने काम थांबवून उभी राहिली. २०२३ मध्ये जपानच्या जायका या मदत संस्थेने युक्रेनच्या माणसांना कंबोडियातल्या सीमॅक या सुरुंग सफाई संस्थेकडे नेऊन तोहोकू विद्यापीठात विकसित झालेला अॅलिस डिटेक्टर शिकवला. असा दुसरा हात आधीपासून धरून ठेवता येतो. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच यजमान देशाच्या अर्थसंकल्पात पथकाचं स्वतःचं शीर्ष उघडायला लावा: इंधन, बॅटऱ्या, डिटोनेटर, काडतुसं. पहिल्या वर्षी त्यांनी दहावा हिस्सा दिला तरी चालेल. ते शीर्ष उघडेपर्यंत तिसऱ्या वर्षाचं साहित्य रोखून धरा, आणि हे करारात तारखेसह लिहून घ्या.